अंदाजपत्रक, कौटुंबिक

कुटुंबाच्या हाती ठराविक कालावधीत येणारी अपेक्षित मिळकत आणि त्याच कालावधीत करावयाचा खर्च व बचत यांची आगाऊ केलेली मांडणी म्हणजे कौटुंबिक अंदाजपत्रक होय. झालेल्या व्यवहाराची नोंद म्हणजे जमाखर्च आणि पुढील व्यवहाराची आखणी म्हणजे अंदाजपत्रक, असा या दोहोंत भेद आहे. जमाखर्चावाचून अंदाजपत्रक करता येत नाही. परंतु केवळ जमाखर्च ठेवल्याने अंदाजपत्रकाचे काम साधत नाही. शासनाच्या अंदाजपत्रकात आधी खर्च ठरवून त्यासाठी करांची वाढ करता येते. कुटुंबाला मिळकत बहुधा स्वेच्छेने वाढविता येत नाही. म्हणून कौटुंबिक अंदाजपत्रकाचा आरंभ मिळकतीपासून होतो.

कौटुंबिक अंदाजपत्रकाच्या अनेक पद्धती प्रचारात आहेत. त्यांपैकी कोणती पद्धत कोणत्या कुटुंबास मानवते, हे मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरत आले आहे : मिळकत किती अंतराने व किती निश्चितपणे हाती येते, ही पहिली आणि हिशेबाची वही कोणाच्या हाती असते, ही दुसरी. महिना हे हिशेबाचे माप आज सार्वत्रिक वाटत असले, तरी ते मासिक वेतनाबरोबर आलेले आहे. त्यापूर्वी सुगी, आठवड्याचा बाजार आणि सावकाराचा हप्ता हीच बहुसंख्य कुटुंबांची मापे होती व अनेकांची ती अद्यापही आहेत.

या दृष्टीने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. माढा) व तिचा परिसर यांचे उदाहरण बोधप्रद आहे. भीमा व सीना या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या माढा तालुक्यातील हे गाव पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर सोलापूरच्या वायव्येस सु. ९० किमी.वर असून, पंढरपूर व कुर्डुवाडी यांकडे जाणारे रस्ते तेथे महामार्गास मिळतात. कोरडवाहू ज्वारीचा जुना मुलूख, धरणाच्या पाण्यावरील ऊस, औद्योगिक वसाहत, महामार्गावरील व्यापार आणि हंगामी मजुरी या सर्वांच्या आधारे जगणारी कुटुंबे येथे एकाच बाजारपेठेत वावरतात. मिळकतीच्या निरनिराळ्या गती व त्यांनुसार बदललेल्या हिशेबाच्या रीती त्यामुळे येथे शेजारीशेजारी पाहावयास मिळतात.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : कौटिलीय अर्थशास्त्रात आय, व्यय आणि नीवी म्हणजे शिल्लक, अशी हिशेबाची त्रिविध मांडणी आढळते. निरनिराळ्या खात्यांच्या गणकांनी आषाढ महिन्यात आपले हिशेब तपासणीसाठी आणावेत, असेही त्यात सांगितले आहे. ही व्यवस्था राजाच्या कोशासाठी होती. गृहस्थाच्या खर्चाविषयीचा नेमका विचार वात्स्यायनाच्या कामसूत्रातील भार्याधिकारिक प्रकरणात आढळतो. वर्षाच्या मिळकतीची गणना करून तिला अनुरूप असा खर्च गृहिणीने करावा आणि रोजच्या आयव्ययाची एकत्र जुळणी तिला माहीत असावी, असा त्याचा आशय आहे. वार्षिक अंदाज व दैनिक नोंद ही कौटुंबिक अंदाजपत्रकाची दोन्ही अंगे येथे एकत्र आलेली आहेत. यात महिन्याचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण शेतीप्रधान समाजात मिळकतीचे स्वाभाविक माप वर्ष हेच होते. धनाचा संग्रह व विनियोग ही कामे पत्नीकडे सोपवावीत, असे मनुस्मृतीतही सांगितले आहे.

मराठा राज्यात हिशेबाची पद्धती विशेष विकसित झाली. रोजच्या व्यवहारांची कीर्द, खातेवार नोंदींची खतावणी आणि सारांशरूप तेरीज हे तिचे प्रमुख भाग होत. महालाच्या वार्षिक जमेचा व खर्चाचा जो आगाऊ अंदाज मामलेदारास मार्गदर्शनासाठी दिला जाई, त्यास बेहेडा म्हणत. अंदाजपत्रक ही कल्पना त्यामुळे मराठी मुलखाला इंग्रजी अमलापूर्वीच परिचित होती. इंग्रजीतील ‘बजेट’ हा शब्द चामड्याची लहान थैली या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. सरकारी दप्तरात व व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत कीर्द-खतावणी नांदत असली, तरी सामान्य रयतेच्या घरात मात्र लेखी हिशेब क्वचितच होता.

धान्याचा हिशेब : लेखी हिशेब नव्हता, म्हणून आखणीच नव्हती, असे म्हणता येत नाही. सोलापूरच्या ज्वारीच्या पट्ट्यात रब्बी हंगामातील शाळू हे कुटुंबाचे मुख्य उत्पन्न होते. खळ्यावर रास तयार झाली, की तिच्यातून बलुतेदारांचे वाटे दिले जात, पुढील पेरणीचे बियाणे निराळे काढले जाई आणि वर्षाची बेगमी पेवात किंवा कणगीत भरली जाई. उरलेले धान्य सारा, कापडचोपड, मीठमिरची व लग्नकार्य यांसाठी विकले जाई. प्रत्येक गरजेचा वाटा आधी वेगळा काढावयाचा व दुसऱ्या गरजेसाठी त्यास हात लावावयाचा नाही, हे आधुनिक ‘लिफाफा पद्धती’चे तत्त्व या व्यवहारात पूर्णपणे आढळते. पेव एकदा उघडले, की त्यातील धान्य हवा व ओल लागून बिघडण्याचा संभव असल्यामुळे ते वारंवार उघडता येत नसे. साठवणीच्या या साधनानेच खर्चाला आपोआप शिस्त लागे.

सालगड्याचा करारही वर्षाचाच असे. गुढी पाडव्यापासून पुढील पाडव्यापर्यंत त्याचे साल मोजले जाई आणि मोबदला काही धान्यात, काही रोख मिळे. बलुतेदार, सालगडी व शेतकरी या तिघांचेही अंदाजपत्रक एकाच राशीवर अवलंबून होते. पाऊस हुकला, की ती तिन्ही एकाच वेळी कोलमडत. १८७६–७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याला याचा अत्यंत कठोर अनुभव आला. एका वर्षाची बेगमी हे माप लागोपाठच्या नापिकीपुढे अपुरे पडते, हा त्या दुष्काळाने दिलेला धडा होय.

सावकाराची वही : इंग्रजी अमलात रयतवारी पद्धतीनुसार सारा रोख रकमेत व ठराविक मुदतीच्या हप्त्यांनी भरावा लागू लागला. या पद्धतीच्या मोजणी-जमाबंदीचा आरंभ १८३६ मध्ये टेंभुर्णीनजीकच्या, भीमेपलीकडील इंदापूर तालुक्यात झाला. साऱ्याची तारीख निश्चित आणि पिकाची मात्र अनिश्चित, अशी विसंगती त्यामुळे निर्माण झाली. धान्याचा भाव पडलेला असताना ते विकणे किंवा सावकाराकडून कर्ज काढणे, हे दोनच मार्ग शेतकऱ्यापुढे उरत. हिशेबाची वही सावकाराकडे असे. कर्जदारास बहुधा लिहितावाचता येत नसे. केलेल्या भरण्याची पावती त्याला मिळत नसे व जुने व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई. आपले देणे नेमके किती, हेच ज्याला माहीत नाही, त्याला कोणत्याही पद्धतीचे अंदाजपत्रक करता येणे अशक्य होते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला आणि अशा प्रकारचे दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कर्जरोखे व हिशेबाचे कागद हस्तगत करून जाळण्याकडे होता. राग व्यक्तीइतकाच वहीवर होता, हे यावरून दिसून येते. दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला व त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी करण्यात आला. रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. ऋणाबद्दल होणाऱ्या कैदेपासून शेतकऱ्यास त्याने संरक्षण दिले. कौटुंबिक हिशेबाच्या इतिहासात मात्र त्याची आणखी काही कलमे विशेष महत्त्वाची आहेत. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचे दस्तऐवज ग्रामनिबंधकापुढे व्हावेत, भरलेल्या रकमेची लेखी पावती त्यास मिळावी, वर्षाकाठी खात्याचा उतारा मागता यावा आणि नोंदींचे पासबुक त्याच्याकडे असावे, अशी तरतूद त्यात होती. सावकाराच्या वहीची दुसरी प्रत कर्जदाराच्या घरी असावी, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात प्रथमच स्पष्टपणे आले. निरक्षरता व नडीची निकड यांमुळे या तरतुदींचा लाभ मर्यादित राहिला. तथापि पुढे १९०४ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या सहकारी पतसंस्था, १९४६ चा मुंबई सावकारी कायदा व त्याची जागा घेणारा २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा यांतून हेच तत्त्व पुढे चालत आले. [⟶ सहकार].

मासिक वेतन व अंदाजपत्रकांच्या पाहण्या : लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला आणि १८७७ मध्ये तेथे ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली. टेंभुर्णीनजीकच्या कुर्डुवाडीस पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे रेल्वेच्या नोकरवर्गाची वस्ती वाढली. जिरायत खेड्यातील माणूस गिरणीत किंवा रेल्वेत नोकरीस लागला, की त्याच्या कुटुंबाचे हिशेबाचे माप वर्षावरून महिन्यावर येई. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने वेतनाचा कालावधी एका महिन्यापेक्षा अधिक असू नये व वेतन पुढील महिन्याच्या सातव्या, मोठ्या आस्थापनांत दहाव्या दिवसापूर्वी दिले जावे, असे ठरविले. पगाराची तारीख, वाण्याची उधारी व घरभाडे यांची सांगड त्यानंतर अधिक पक्की झाली.

कुटुंबांच्या अंदाजपत्रकांचा शास्त्रीय अभ्यास यापूर्वीच यूरोपात सुरू झाला होता. इंग्लंडमध्ये डेव्हिड डेव्हिस (१७९५) व फ्रेडरिक ईडन (१७९७) यांनी शेतमजुरांच्या खर्चाचे तपशील प्रसिद्ध केले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ फ्रेदेरिक ल प्ले (१८०६–८२) याने १८५५ मध्ये यूरोपातील कामगार कुटुंबांचे सविस्तर जमाखर्च ग्रंथरूपाने मांडले. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल (१८२१–९६) याने १८५७ मध्ये अशा माहितीवरून असे दाखविले, की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा असतो. हा एंगेलचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. भारताच्या ग्रामीण भागातील खर्चात अन्नाचा वाटा १९९९–२००० मध्ये सु. ५९ टक्के होता. २०२२–२३ च्या राष्ट्रीय पाहणीत तो सु. ४६ टक्के आढळला. प्रमाणाच्या ठरीव सूत्रावर आधारलेल्या अंदाजपत्रकाची मर्यादा या नियमातच दडलेली आहे. कारण अल्प मिळकतीच्या कुटुंबास अन्नाचा वाटा इच्छेनुसार कमी करता येत नाही.

मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये स्थापन झालेल्या कामगार कार्यालयाने कामगारांच्या अंदाजपत्रकांची पाहणी हाती घेतली. जी. फिंडले शिरास यांनी तयार केलेला मुंबईच्या कामगार कुटुंबांविषयीचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगारांना मिळणारे तृणधान्य दुष्काळ संहितेतील कमाल प्रमाणाइतके, परंतु तुरुंगाच्या नियमावलीतील आहारापेक्षा कमी आहे, असा निष्कर्ष त्यात नोंदविलेला होता. सोलापूर शहरातील कापडगिरणी कामगारांच्या अंदाजपत्रकांचा अहवाल १९२८ मध्ये निघाला. पुढे फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हे वर्ष पायाभूत धरून सोलापूरच्या कामगारांचा राहणीमान खर्चाचा निर्देशांक काढण्यात येऊ लागला. अशा निर्देशांकांच्या आधारे महागाई भत्त्याचे प्रश्न सोडविले जात. कामगाराच्या घरातील मीठतेलाचा खर्च अशा रीतीने वेतनाच्या वाटाघाटीतील पुरावा ठरला. अंदाजपत्रक हे काटकसरीचे साधन आहे, त्याचप्रमाणे मिळकत अपुरी असल्याचे सिद्ध करण्याचेही साधन आहे, हे यातून स्पष्ट झाले.

आधुनिक पद्धती : विसाव्या शतकात गृहशास्त्राच्या प्रसाराबरोबर घरखर्चाच्या आखणीला शिक्षणात स्थान मिळाले. जपानमध्ये हानी मोतोको (१८७३–१९५७) हिने १९०४ मध्ये गृहिणींसाठी छापील हिशेबवही प्रसिद्ध केली. ‘काकेइबो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा वह्यांत खर्च स्वहस्ते लिहिणे व महिन्याअखेर त्याचा आढावा घेणे यांवर भर असतो. भारतात १८८२ पासून टपाल खात्याच्या बचत बँकेमुळे अल्प रकमा सुरक्षित ठेवण्याची सोय खेड्यापर्यंत पोहोचू लागली.

सध्या प्रचारात असलेल्या पद्धतींचे सामान्यतः पाच प्रकार करता येतात : (१) लिफाफा पद्धती : रोख रकमेचे किराणा, शिक्षण, औषधपाणी, सण यांनुसार निराळे वाटे करून ते वेगवेगळ्या पाकिटांत वा डब्यांत ठेवले जातात. (२) आधी बचत पद्धती : मिळकत हाती येताच ठरलेली बचत बाजूला काढून उरलेल्या रकमेत खर्च भागविला जातो. (३) प्रमाण पद्धती : मिळकतीची ठरीव टक्केवारी निरनिराळ्या कामांसाठी राखली जाते. एलिझाबेथ वॉरेन व अमेलिया वॉरेन त्यागी यांनी २००५ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेले गरजांसाठी ५० टक्के, आवडीनिवडीसाठी ३० टक्के व बचतीसाठी २० टक्के हे सूत्र विशेष प्रसिद्ध आहे. (४) शून्याधारित पद्धती : मिळकतीतील प्रत्येक रुपयाचे काम आधी नेमून दिले जाते, त्यामुळे वाटपानंतर शिल्लक शून्य राहते. पीटर पिर या व्यवस्थापकाने १९७० मध्ये ही कल्पना उद्योगसंस्थांसाठी मांडली व नंतर ती घरखर्चालाही लावण्यात आली. (५) नोंद पद्धती : आगाऊ मर्यादा न घालता प्रत्येक खर्च लिहून ठेवला जातो व आढाव्यावरून पुढील वर्तन सुधारले जाते.

यांपैकी बहुतेक पद्धती नियमित मासिक मिळकत गृहीत धरतात. बांगला देश, भारत व दक्षिण आफ्रिका या देशांतील गरीब कुटुंबांच्या आर्थिक नोंदवह्यांवर आधारलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मिळकत केवळ अल्प नसून ती अनियमित असते, ही गरीब कुटुंबांची मुख्य अडचण आहे व म्हणूनच ती कुटुंबे उसनवारी, भिशी, उधारी इ. अनेक साधने एकाच वेळी वापरतात, असे त्यातून दिसून आले. हिशेबाची जाण नसल्यामुळे गरीब माणूस कर्जात पडतो, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

ऊस, हप्ता व उचल : भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि टेंभुर्णीच्या परिसरातील शेतीचे स्वरूप पालटले. ज्वारीच्या जागी ऊस, केळी यांसारखी नगदी पिके आली. ज्वारीचे अंदाजपत्रक वर्षाचे होते, उसाचे मात्र तसे नाही. सुरू ऊस सु. १२ महिन्यांनी, पूर्वहंगामी १४–१५ महिन्यांनी व आडसाली १६–१८ महिन्यांनी तोडीस येतो. लागण, खते, पाणी व मशागत यांवरील खर्च आरंभापासून होत राहतो आणि मिळकत गळीत हंगामानंतर बिलाच्या रूपाने येते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत किमान किंमत देणे व विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. २००९ पासून या किमान किमतीऐवजी रास्त व किफायतशीर दराची व्यवस्था आली. प्रत्यक्षात पहिला हप्ता, पुढील हप्ते व अंतिम बिल अशी रक्कम टप्प्याटप्प्याने मिळण्याची रीत महाराष्ट्रात रूढ झाली. सोसायटीच्या पीककर्जाची वसुली बिलातूनच परस्पर होते. त्यामुळे बिलाचा आकडा व प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम यांत मोठे अंतर असते.

याच उसाच्या दुसऱ्या टोकाला तोडणी मजुरांचे कुटुंब असते. बीडसारख्या जिल्ह्यांतून येणारी ही कुटुंबे हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतात. पतीपत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो व तोडलेल्या उसाच्या वजनावर उचल फेडली जाते. उत्पन्न येण्यापूर्वीच ते खर्च झालेले असल्याने या कुटुंबाचे अंदाजपत्रक उलट दिशेने चालते. आजारपणाने वा पावसाने तोडणी थांबली, तर उरलेली उचल पुढील हंगामावर चढते. उचलीची व फेडीची वही मुकादमाकडे असते, ही गोष्ट १८७५ पूर्वीच्या कर्जदाराच्या स्थितीची आठवण करून देते.

पद्धतीची निवड : टेंभुर्णीसारख्या गावातील निरनिराळ्या कुटुंबांचा विचार केल्यास निवडीची तत्त्वे स्पष्ट होतात. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल दिलेले आहेत. औद्योगिक वसाहतीतील किंवा शाळेतील पगारदाराची मिळकत निश्चित असते. महिना २४,००० रु. वेतन असलेल्या कुटुंबास प्रमाण पद्धतीने गरजांसाठी १२,००० रु., आवडीनिवडीसाठी ७,२०० रु. व बचतीसाठी ४,८०० रु. असे वाटप करता येते. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता मोठा असल्यास टक्केवारी बदलावी लागते. परंतु पद्धत बदलण्याचे कारण नसते.

आडसाली ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास हेच सूत्र लावल्यास ते अपायकारक ठरते. समजा, त्याचे बिल ५,४०,००० रु. आले, त्यातून १,४०,००० रु. सोसायटीच्या कर्जापोटी वळते झाले व पुढील पिकासाठी १,३०,००० रु. राखून ठेवावे लागले, तर घरखर्चासाठी २,७०,००० रु. उरतात. ही रक्कम १२ महिन्यांची समजल्यास महिना २२,५०० रु. पडतात, पण पुढील बिल १८ महिन्यांनी येणार असेल, तर महिना १५,००० रु.च हाती येतात. पहिल्या हिशेबाने चालणारे कुटुंब बाराव्या महिन्यात रिकाम्या हाताने उरते व राहिलेले सहा महिने कर्जावर काढते. खर्चात कोठेही उधळपट्टी नसताना केवळ कालावधीचे माप चुकल्याने हे कर्ज होते. अशा कुटुंबाने दोन बिलांमधील खरे अंतर हेच अंदाजपत्रकाचे वर्ष मानणे, एकूण बिलाऐवजी हाती पडलेल्या रकमेवरून आखणी करणे व घरखर्चाची रक्कम वेगळ्या खात्यातून दरमहा ठरावीकच काढणे इष्ट होय. दुधासारख्या जोडधंद्याची मिळकत किराण्यासाठी राखल्यास बिलाची रक्कम अधिक काळ पुरते.

रोजंदारी मजुरास आठवड्याचे माप सोयीचे असते, कारण मजुरी व बाजार या दोहोंचा फेरा आठवड्याचा असतो. काम असलेल्या आठवड्यात ३,००० रु. मिळत असतील व वर्षात ४० आठवडेच काम लागत असेल, तर ५२ आठवड्यांची सरासरी सु. २,३०० रु. येते. म्हणजे कामाच्या प्रत्येक आठवड्यात सु. ७०० रु. बिनकामाच्या दिवसांसाठी बाजूला काढणे आवश्यक असते. ही रक्कम घरात टिकत नाही. म्हणून भिशी, बचत गट वा टपाल खाते यांचा उपयोग होतो. महामार्गावरील हॉटेलवाला किंवा दुकानदार यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या हाती रोज रोकड खेळते. परंतु गल्ला ही मिळकत नव्हे, कारण तीतच मालाची किंमत असते. अशा कुटुंबाने धंद्यातून स्वतःस ठराविक पगार घेणे व घरखर्च केवळ त्यातून करणे, ही पद्धत सर्वांत सुरक्षित ठरते. उचलीवर जगणाऱ्या कुटुंबास प्रथम पद्धतीपेक्षा नोंदीची गरज असते : घेतलेली उचल, तोडलेला ऊस व झालेली फेड यांची स्वतःजवळची वही हाच त्याच्या अंदाजपत्रकाचा आरंभ होय.

हिशेबाचा अधिकार : घरखर्चाची जबाबदारी स्त्रीवर, परंतु मिळकतीची माहिती पुरुषाकडे, अशी विभागणी अनेक कुटुंबांत आढळते. या स्थितीत गृहिणीचे अंदाजपत्रक तिला दिलेल्या रकमेपुरतेच मर्यादित राहते व कर्जाची वार्ता तिला बहुधा शेवटी कळते. डाळीच्या डब्यात चार पैसे बाजूला ठेवण्याची रीत ही या अज्ञानाविरुद्ध तिने शोधलेली तरतूद आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि १९९२ मध्ये नाबार्डने सुरू केलेली बचत गट-बँक जोडणी यांमुळे स्त्रियांच्या हाती स्वतःचे पासबुक व गटाची हिशेबवही आली. २०१४ नंतर बँक खात्यांचा प्रसार झाला आणि २०१६ पासून भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय आली. त्यामुळे प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप होऊ लागली. मात्र रोख रक्कम हातातून जाताना जी जाणीव होते, ती या व्यवहारात राहत नाही व लिफाफा पद्धतीचा बांध नाहीसा होतो. अशी नोंद आठवड्यातून एकदा घरातील सर्व कमावत्या व खर्च करणाऱ्या व्यक्तींनी एकत्र वाचल्यास तिचा उपयोग होतो.

मर्यादा : अंदाजपत्रकाने मिळकत वाढत नाही. किमान गरजांपेक्षा मिळकत कमी असेल, तर कोणतीही पद्धत तूट भरून काढू शकत नाही. अवर्षण, मोठे आजारपण व शेतमालाचे कोसळलेले भाव यांपुढे एका कुटुंबाची आखणी अपुरी पडते व तेथे विमा, सार्वजनिक आरोग्यसेवा व रोजगार हमी यांसारख्या सामुदायिक व्यवस्थांची गरज असते. तथापि तूट किती, ती कोणत्या महिन्यात येते व कोणत्या कारणाने, हे लेखी अंदाजपत्रकच दाखवू शकते. कर्ज किती घ्यावे, कोणाकडून घ्यावे व वेतनात वा दरात किती वाढ मागावी, हे ठरविण्यास त्याचा आधार मिळतो. सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या अंदाजपत्रकांचा उपयोग याच कामी झाला होता.